पेशीच्या आतलं प्रथिन फ्लो सायटोमीटरवर शोधताना: दिसलेला उजेड नेमका कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या एका महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी वाढवल्या. त्यांना वायगावच्या हळदीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क २४ तास दिला. मग विभागातल्या बाटलीतलं फॉर्मॅलिन पातळ करून पेशी फिक्स केल्या (म्हणजे आहेत तशा घट्ट केल्या), ट्रायटन हा साबणासारखा पदार्थ वापरून पडदा सच्छिद्र केला, सक्रिय कॅस्पेस-३ (पेशी मरताना जागं होणारं प्रथिन) ओळखणारी अँटिबॉडी घातली, तिच्यावर एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी घातली आणि नळ्या एसटीने नागपूरला नेऊन फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीतला उजेड मोजणाऱ्या यंत्रावर, वाचल्या. अर्क दिलेल्या पेशींचा आलेख चांगला उजवीकडे, म्हणजे जास्त उजेडाकडे, सरकला. पण आयसोटाइप कंट्रोलची (कशालाही न ओळखणारी अँटिबॉडी घातलेली) नळीही जवळपास तितकीच सरकली. गाइडचं म्हणणं, कॅस्पेस वाढलं. यंत्र चालवणाऱ्यांचं म्हणणं, हे सगळं बॅकग्राउंड आहे. बरोबर कोण, आणि आता पुढे काय?

यंत्र चालवणारे बरोबर आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची दोन कारणं तुमच्याच प्रश्नात आहेत. पहिलं कारण म्हणजे हळद. कर्क्युमिन हा रेणू स्वतःच चमकतो. तो साधारण ४२० ते ४३० नॅनोमीटरचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतो, पण ४८८च्या निळ्या लेझरनेही तो उजळतो आणि पेशीत शिरल्यावर ५०० ते ५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हिरवा उजेड देतो. एफआयटीसी वाचणारा डिटेक्टर नेमका तिथेच, ५३० नॅनोमीटरच्या आसपास बसवलेला असतो. तुमच्या नळीत अँटिबॉडीचा एक थेंबही नसता, तरी अर्क दिलेल्या पेशी उजवीकडे सरकल्याच असत्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एमसीएफ-७ पेशी कॅस्पेस-३ बनवतच नाहीत. त्यांच्या कॅस्पेस-३च्या जनुकात तिसऱ्या एक्झॉनमधला ४७ बेस-जोड्यांचा तुकडा गळालेला आहे, आणि त्यामुळे पूर्ण प्रथिन तयार होत नाही. हे १९९८ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तरीही दरवर्षी कोणी ना कोणी याच पेशींत हेच प्रथिन शोधायला येतं, कारण एमसीएफ-७ सहज मिळते, चांगली वाढते आणि कॅस्पेस-३ची अँटिबॉडी बहुतेक विभागांच्या फ्रीजमध्ये आधीपासून असते. याच पेशींत डीएनएची शिडी (मरणाऱ्या पेशीतल्या डीएनएच्या तुकड्यांचे पायऱ्यांसारखे पट्टे) शोधून निराश झालेलेही पुष्कळ भेटतात. तिथेही कारण हेच असतं, कारण ती शिडी पडायला कॅस्पेस-३ लागतं.

म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतलेत. हळदीच्या अर्काने पेशी मरणाच्या वाटेला लागतात का, हा जीवशास्त्राचा प्रश्न. आणि आलेखावर दिसलेला उजेड मला हव्या त्या प्रथिनाचाच आहे हे कशावरून, हा मोजमापाचा प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर हाती आल्याशिवाय पहिल्याला हात घालता येत नाही. फ्लो सायटोमीटर प्रथिन मोजत नाही. एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि तिच्यातून ठरावीक रंगाचा किती उजेड आला तेवढंच ते नोंदवतं. तो उजेड प्रथिनाचा आहे हे सिद्ध करणं सर्वस्वी आपलं काम.

हा उजेड तीन ठिकाणांहून येतो. तळाशी पेशीचा स्वतःचा उजेड असतो, आणि तुमच्या बाबतीत त्यात हळदीची मोठी भर पडली आहे. त्याच्यावर कुठेही चिकटून बसलेल्या अँटिबॉडीचा उजेड. सगळ्यात वर, उरलेला, खऱ्या प्रथिनाचा. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर भरलेली एकदा आणि रिकामी एकदा अशी दोनदा चढवतात, आणि रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्याशिवाय कापसाचा हिशेब कोणी मान्य करत नाही. इथेही तसंच करायचं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: अर्क दिलेली आणि न दिलेली, या दोन गाड्यांचं रिकामं वजन सारखं नसतं. तुम्ही बहुधा एकच बिनरंगाची (अँटिबॉडी किंवा रंग न घातलेली) नळी ठेवली असेल, तीही अर्क न दिलेल्या पेशींची. बहुतेक जण तसंच करतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

समजा, आकडे असे आले (हे केवळ समजावण्यासाठी घेतलेत). अर्क न दिलेल्या, बिनरंगाच्या पेशींचा मध्यक २००. त्याच पेशी अँटिबॉडी लावून ६००. अर्क दिलेल्या, बिनरंगाच्या पेशींचा मध्यक १८००. त्याच अँटिबॉडी लावून २१००. ६०० आणि २१०० शेजारी ठेवले तर प्रथिन साडेतीन पट झालं असं वाटेल. ज्याचा त्याचा तळ वजा केला तर एकीकडे ४०० उरतात, दुसरीकडे ३००. म्हणजे वाढ नाहीच. त्यातही १८००च्या गोंगाटातून काढलेल्या त्या ३००वर मी विश्वास ठेवणार नाही. तळ इतका उंच असेल तेव्हा वजाबाकी करत बसण्यापेक्षा रंग बदलणं शहाणपणाचं.

रंग कोणता घ्यायचा हे तुम्ही ज्या यंत्रावर जाता त्याच्या लेझरांवर ठरतं, म्हणून आधी तिथे फोन करून विचारा. ६३३ किंवा ६४० नॅनोमीटरचा लाल लेझर असेल तर काम सोपं आहे. कर्क्युमिन त्या प्रकाशाने जवळपास उजळतच नाही. अलेक्सा फ्लुअर ६४७ हा रंग जोडलेली अँटिबॉडी घ्या. शक्यतो पहिल्याच अँटिबॉडीवर रंग जोडलेला घ्या. दुसरी अँटिबॉडी टाळली की एक पायरी कमी होते, दोन धुणी वाचतात आणि चिकटण्याची एक वाट बंद होते. यंत्रात फक्त निळा लेझर असेल तर ६९५ नॅनोमीटरच्या आसपास चमकणारा पर्सीपी-सायफाइव्ह-पॉइंट-फाइव्हसारखा रंग वापरता येतो, कारण तिथवर हळदीचा उजेड बराच ओसरलेला असतो. मात्र तो रंग मिथेनॉलला टिकत नाही. पडदा सच्छिद्र करायला मिथेनॉल वापरलंत तर ते धुवून काढल्यावरच हा रंग लावा. जांभळ्या, ४०५ नॅनोमीटरच्या लेझरवरचे रंग तुमच्यासाठी सगळ्यात वाईट, कारण तो प्रकाश कर्क्युमिनच्या शोषणाच्या शिखराजवळ पडतो.

इथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. पॉझिटिव्ह कंट्रोल (पेशी हमखास मरतात अशी तुलनेची नळी) म्हणून डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. तेही चमकतं. निळ्या लेझरने उजळून साधारण ५९० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी उजेड देतं आणि पीई या नारिंगी रंगाच्या डिटेक्टरमध्ये जाऊन बसतं. पेशींना मरणाच्या वाटेला लावायचंच असेल तर स्टॉरोस्पोरिन घ्या. जर्कट या रक्तकर्करोगाच्या पेशींना १ मायक्रोमोलर, चार ते सहा तास, एवढं पुरतं.

आता पेशी कोणत्या घ्यायच्या? कॅस्पेस-३च बघायचं असेल तर ते बनवणाऱ्या पेशी घ्या. हेला, जर्कट, किंवा स्तनकर्करोगच हवा असेल तर एमडीए-एमबी-२३१. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून त्या मागवता येतात. विषय मंजूर होताना एमसीएफ-७ लिहून दिलं असेल आणि ते बदलणं शक्य नसेल, तर प्रथिन बदला. या पेशी कॅस्पेस-७च्या मार्गाने मरतात आणि कॅस्पेस-७ही पार्प नावाचं प्रथिन कापतं. कापलेलं पार्प ओळखणाऱ्या अँटिबॉडी मिळतात, त्या फ्लोवर चालतात आणि एमसीएफ-७मध्ये अर्थपूर्ण उत्तर देतात. आणि एमसीएफ-७ टाकून देऊ नका. कॅस्पेस-३च्या अँटिबॉडीसाठी तिच्याइतका खरा नकारात्मक कंट्रोल विकत मिळणार नाही. जर्कटमध्ये स्टॉरोस्पोरिन दिल्यावर आलेख सरकला आणि एमसीएफ-७मध्ये सरकला नाही, तर तुमची अँटिबॉडी आणि पद्धत दोन्ही खरं बोलताहेत. दोन्हीकडे सरकला तर थांबा. कॅस्पेस-७ आणि कॅस्पेस-३ जवळचे भाऊबंद आहेत, आणि एकाची अँटिबॉडी दुसऱ्याला पकडते असंही घडतं.

आयसोटाइप कंट्रोलवर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात, असं मला वाटतं. ती नळी फक्त एवढंच सांगते की त्याच जातीची, पण कशालाही न ओळखणारी अँटिबॉडी किती चिकटते. तेही तिचं प्रमाण मुख्य अँटिबॉडीइतकंच ठेवलं आणि रंगही तितकाच जोडलेला असला तरच. पेशीच्या आत चिकटायला जागा पुष्कळ असते, बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून आतल्या प्रथिनासाठी ही नळी हमखास थोडी उंच येते. माझ्या दृष्टीने, ज्यांच्यात ते प्रथिनच नाही अशा पेशी हा सगळ्यात भक्कम पुरावा. तुमच्या बाबतीत आयसोटाइपने काम चोख केलं, ती अर्क दिलेल्या पेशींवरच सरकली आणि शंका उभी राहिली. त्या नळीला गप्प करण्याच्या मागे लागू नका.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे. पेशी उचलण्यापासून सुरुवात करू, कारण मरणाऱ्या पेशी मोजायच्या असतील तर अर्धं नुकसान तिथेच होतं. एमसीएफ-७ तळाला चिकटून वाढते आणि मरायला लागली की सुटून माध्यमात तरंगते. जुनं माध्यम सवयीने बेसिनमध्ये ओतलं की ज्या पेशी बघायच्या होत्या त्याच गेल्या. ते माध्यम नळीत जमा करा, मग ट्रिप्सिनने चिकटलेल्या पेशी सोडवा आणि दोन्ही एकत्र करा. आतल्या प्रथिनाला ट्रिप्सिनची फारशी भीती नाही, पडदा शाबूत असेपर्यंत ते आत सुरक्षित असतं. पण एमसीएफ-७ गुठळ्या करून उठते. ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळा, आणि यंत्रावर एफएससीचं (पेशीने पुढच्या दिशेला विखुरलेल्या प्रकाशाचं) क्षेत्रफळ आणि उंची एकमेकांसमोर मांडून जोडपेशी वगळा. दोन पेशी एकत्र गेल्या तर उजेडही दुप्पट दिसतो, आणि ती दुप्पट कोणीतरी शोधनिबंधात लिहून टाकतं.

जिवंत-मृत ओळखणारा रंग फिक्स करण्याआधी लावायचा. प्रोपिडियम आयोडाइड इथे चालत नाही, कारण पडदा सच्छिद्र केला की ते सगळ्याच पेशींत शिरतं. प्रथिनाच्या अमाइन गटाला कायमचा जोडला जाणारा, फिक्सिंगनंतरही टिकणारा रंग लागतो. तो लावताना पेशी साध्या पीबीएसमध्ये, म्हणजे क्षारांच्या बफरमध्ये, असाव्यात. सीरम किंवा बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रथिन) असेल तर रंग त्यालाच जाऊन चिकटतो. तुमच्यासाठी लाल लेझरवरचा निअर-इन्फ्रारेड प्रकार योग्य. तो अलेक्सा ६४७च्याच लेझरवर चालतो, म्हणून एकेका रंगाच्या स्वतंत्र नळ्या ठेवून कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडलेला उजेड वजा करणं) करून घ्या. एक सावधगिरी मात्र हवी. तुमचा विषयच पेशींचं मरण आहे, तेव्हा मृत पेशी सरसकट कापून टाकल्या तर उशिराच्या टप्प्यातल्या पेशीही त्यात जातील. दोन्ही प्रकारे आकडे काढा आणि दोन्ही दाखवा.

फिक्सिंग. विभागातल्या बाटलीतलं फॉर्मॅलिन, ज्यात नमुने बुडवून ठेवतात, ते या कामाला वापरू नका. त्यात ३७ टक्के फॉर्माल्डिहाइडबरोबर ते टिकावं म्हणून १० ते १५ टक्के मिथेनॉल घातलेलं असतं. पातळ केलं तरी थोडं मिथेनॉल राहतं, ते पडदा आपल्याला हवा त्याच्या आधीच फाडायला लागतं, आणि जुन्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर आत नेमकं किती फॉर्माल्डिहाइड उरलंय हे कोणीच सांगू शकत नाही. मिथेनॉलविरहित १६ टक्क्यांचे बंद अँप्यूल मिळतात. किंवा पॅराफॉर्माल्डिहाइडची भुकटी पीबीएसमध्ये साधारण ६० अंशाला, सोडियम हायड्रॉक्साइडचे एकदोन थेंब घालून, फ्यूम हूडमध्ये विरघळवा, सामू ७.४ ला आणा, लहान नळ्यांत भरून उणे २० अंशांना ठेवा. एकदा वितळवलेली नळी परत गोठवू नका. ४ टक्के, १० ते १५ मिनिटं. पद्धतीत ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २० ते २५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि कूलर लावूनही प्रयोगशाळा ३५च्या खाली येत नाही. त्या तापमानाला फिक्सिंग जास्त होतं, अँटिबॉडीला हवी ती जागा झाकली जाते आणि पेशींचा स्वतःचा उजेडही वाढतो. तापमापी ठेवा, पाण्याच्या भांड्यात नळ्या ठेवून २५ सांभाळा. हे छोटं वाटतं, पण जानेवारीचे आणि मेचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, याचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

पडदा सच्छिद्र करायला तीन वाटा आहेत, आणि कोणती घ्यायची हे प्रथिन पेशीत कुठे बसलंय त्यावर ठरतं. सॅपोनिन पडद्यातलं कोलेस्टेरॉल बाजूला करतं. सौम्य आहे, पण परिणाम तात्पुरता. ते काढलं की पडदा पुन्हा मिटतो, म्हणून अँटिबॉडीच्या आणि धुण्याच्या प्रत्येक बफरमध्ये सॅपोनिन असायलाच हवं. पेशीद्रवातल्या प्रथिनांना, सायटोकाइन्सना ते चांगलं. केंद्रकाच्या आतल्यांना अपुरं. ट्रायटन ०.१ टक्के, १० ते १५ मिनिटं, केंद्रकापर्यंत पोचतं, पण जास्त वेळ ठेवलं तर पेशीचा चुराच होतो. बर्फगार ९० टक्के मिथेनॉल, बर्फावर अर्धा तास, हे फॉस्फेट लागलेल्या प्रथिनांसाठी आणि केंद्रकासाठी उत्तम. ते पेशींची गोळी हलवत थेंबाथेंबाने घालायचं, एकदम ओतलं की पेशी एकमेकींना चिकटून दही होतं. मिथेनॉलने पीई आणि एपीसी हे प्रथिनांपासून बनलेले रंग मोडतात, जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाचा उजेडही जातो. अलेक्सा ६४७ लहान रेणू असल्याने टिकतो. कापलेलं पार्प केंद्रकात असतं, म्हणून तुम्ही ट्रायटन किंवा मिथेनॉल घ्या.

मी तुम्हाला मिथेनॉलच सुचवेन, आणि त्याचं कारण शास्त्रापेक्षा तुमच्या गावाशी जास्त संबंधित आहे. फिक्स करून मिथेनॉलमध्ये घेतलेल्या पेशी उणे २० अंशांना काही आठवडे राहू शकतात. ६ तास, १२ तास, २४ तास अशा सगळ्या वेळांचे, तिन्ही पुनरावृत्तींचे नमुने तुम्ही तिथेच साठवू शकता. मिथेनॉल उणे ९७ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे बर्फाचे खडे होऊन पेशी फुटण्याची भीती नाही. रात्री दोन तास वीज गेली आणि कोणी डीप फ्रीझरचं झाकण उघडलं नाही, तर नमुने सुखरूप असतात. मग एकाच दिवशी सगळ्या नळ्या धुवून, एकाच पातळीकरणाची अँटिबॉडी लावून, नागपूरला एकाच खेपेत वाचता येतं. यंत्राच्या तासाचे पैसे वाचतात, आणि वेगवेगळ्या दिवशी यंत्राच्या सेटिंगमध्ये पडणारा फरकही टळतो.

मात्र मिथेनॉलच्या नळ्या घेऊन एसटीत बसू नका. ते पेट घेणारं आणि विषारी आहे. मिथेनॉल महाविद्यालयातच दोनदा धुवून काढा, अँटिबॉडीही तिथेच लावा, शेवटी पेशी बफरमध्ये घ्या आणि नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत ठेवा. शक्यतो २४ तासांच्या आत वाचा. आता मात्र गोठण्याची भीती खरी आहे, कारण पेशी पाण्यात आहेत. फ्रीझरमधून काढलेला जेलपॅक नळीला सरळ टेकवला तर आतलं पाणी गोठतं. पॅकला बाहेर घाम सुटेपर्यंत थांबा, मग कापडात गुंडाळून ठेवा. तुमच्याकडून नागपूर दीड-दोन तासांचं आहे, तेवढ्यात ४ ते ८ अंश सहज टिकतात. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, एवढंच.

सेंट्रिफ्यूजबद्दल थोडं. फिक्स केल्यावर पेशी हलक्या होतात आणि पहिल्याच वेगाला तळाशी बसत नाहीत. जिवंत पेशींना ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट ओढ) पुरतं, फिक्स केल्यावर ५०० ते ६०० जी घ्या. लहान महाविद्यालयांतल्या सेंट्रिफ्यूजवर बहुधा फक्त आरपीएम (मिनिटाला फेरे) असतं. रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये मोजा आणि ०.००००१११८ गुणिले त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग, असा हिशेब करा. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर १५०० आरपीएमला साधारण २५० जी मिळतं, २००० ला ४५० च्या आसपास, आणि २३०० ला ५९०. प्रत्येक नळीत दहा लाख पेशी घेऊन सुरुवात करा, कारण धुता धुता निम्म्या जातातच.

अँटिबॉडीचं प्रमाण माहितीपत्रकातून थेट उचलू नका. दुपटीने पातळ करत पाच-सहा पायऱ्या करा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पेशींमधलं अंतर जिथे सगळ्यात जास्त तिथे थांबा. उजेड सगळ्यात जास्त असेल तिथे नव्हे. अँटिबॉडी जास्त घातली की निगेटिव्ह पेशीही चढायला लागतात. ही चाचणी अँटिबॉडीची एक बाटली जास्त खाते असं वाटतं, प्रत्यक्षात तिने पुढच्या सगळ्या प्रयोगांत अँटिबॉडी वाचते. आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखण्याच्या पद्धतीत) चालणारी अँटिबॉडी फ्लोवर चालेलच असं नाही. ब्लॉटवर प्रथिन उलगडून सरळ झालेलं असतं, फिक्स केलेल्या पेशीत ते घडी घालून आणि शेजाऱ्यांशी बांधलेलं असतं. पण ब्लॉटची सोय असेल तर तो कराच. पार्पचा ८९ किलोडाल्टनचा तुकडा ब्लॉटवर दिसला आणि फ्लोवरही आलेख सरकला, तर तुमच्या म्हणण्याला दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले.

नळ्यांची यादी एकदा सलग सांगते. अर्क न दिलेल्या, फक्त तेवढंच अल्कोहोल दिलेल्या, आणि अर्क दिलेल्या, अशा तिन्ही प्रकारच्या पेशी बिनरंगाच्या. त्याच तिन्ही आयसोटाइपसह. दुसरी अँटिबॉडी वापरणार असाल तर फक्त तिच्यासह. त्याच तिन्ही खऱ्या अँटिबॉडीसह. शिवाय स्टॉरोस्पोरिन दिलेली नळी, ते प्रथिन नसलेल्या पेशींची नळी, आणि कॉम्पेन्सेशनसाठी एकेका रंगाच्या नळ्या. नळ्या जास्त वाटतील. पैसे कमी पडत असतील तर अर्काच्या मात्रा कमी करा, कंट्रोल कमी करू नका. पाच मात्रांऐवजी दोन घ्या. आणि आदल्या रात्री इन्क्युबेटरची वीज गेली होती का, किती वेळ, हे वहीत लिहून ठेवा. माध्यमाचा सामू चढला तर अर्क न देताही पेशी मरतात, आणि मग तुमचा कंट्रोलच आजारी असतो.

विश्लेषणात सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या. लॉग मापावर अतिशय चमकणाऱ्या थोड्याशा पेशी सरासरीला ओढून नेतात. एकट्या पेशींच्या गेटमध्ये (आलेखावर निवडलेल्या भागात) निदान दहा हजार घटना, म्हणजे पेशींच्या नोंदी, गोळा करा. एक तुलना दहा हजार पेशींवर केली तरी ती एकाच प्रयोगातली एकच तुलना असते. पुनरावृत्ती म्हणजे वेगळ्या दिवशी, वेगळ्या फ्लास्कमधून वाढवलेल्या पेशी. पेशींच्या संख्येवर काढलेलं पी-मूल्य दिसलं की परीक्षक तिथेच अडकतो, आणि ते योग्यच आहे.

हळदीबद्दल शेवटची एक सूचना, ती फ्लोशी थेट संबंधित नाही पण तुमच्या निष्कर्षाशी आहे. ३७ अंशांना, सीरम नसलेल्या ७.२ सामूच्या बफरमध्ये कर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतेक सगळं मोडतं. १० टक्के सीरम असेल तर जास्त टिकतं, तरी आठ तासांत साधारण निम्मं जातं. तेव्हा २४ तासांनी पेशींवर दिसलेला परिणाम कर्क्युमिनचा, त्याच्या तुकड्यांचा की अर्कातल्या इतर घटकांचा, हे एका अर्कावरून सांगता येणार नाही. शुद्ध कर्क्युमिनची एक समांतर मालिका ठेवली तर हा प्रश्न निदान मांडता तरी येईल. ६ तासांचा नमुना जरूर घ्या.

तुमच्याकडे आत्ता असलेली माहिती फेकून देऊ नका. एफआयटीसीच्या डिटेक्टरवर आलेला तो उंच तळ म्हणजे पेशीत किती चमकणारं कर्क्युमिन शिरलं याचं मोजमाप आहे. अँटिबॉडी न लावता, फिक्स न करता, अर्कानंतर अर्धा तास, दोन तास, सहा तास, चोवीस तास अशा जिवंत पेशी त्याच डिटेक्टरवर वाचा. अर्क पेशीत पोचतो आणि किती वेळ राहतो, हे दाखवणारी एक स्वच्छ आकृती मिळेल. समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. तिच्या अर्काची दुसऱ्या एखाद्या हळदीच्या अर्काशी अशी तुलना केलीत तर ते काम स्वतःच्या पायावर उभं राहील. त्यासाठी नवी अँटिबॉडीही लागत नाही.

पुढे मदत हवी असेल तर मला तीन गोष्टी कळवा: यंत्रात कोणते लेझर आहेत, तुमची अँटिबॉडी कोणत्या प्राण्यातली आणि कोणत्या क्लोनची आहे, आणि अर्क दिलेल्या बिनरंगाच्या पेशींचा आलेख. तो शेवटचा नसेल तर पुढच्या खेपेला सगळ्यात आधी तीच नळी वाचून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बाकीचं पॅनेल त्यावरूनच ठरवता येईल.